प्रारूप आराखड्यावर सहाशे सह्या पाठवायच्या की एक नकाशा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. नव्या नियोजन क्षेत्राच्या यादीत गावाचं नाव आलंय. सागरी महामार्गाची रेषा सड्यावरून, म्हणजे गावाच्या वरच्या कातळी पठारावरून, जाणार अशी कुजबुज आहे. पलीकडच्या गावात एका प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी लागलीय. मुंबई मंडळाने, म्हणजे गावच्या मुंबईत राहणाऱ्या लोकांच्या मंडळाने, एक छापील हरकत तयार केलीय आणि तिच्यावर सहाशे सह्या घेणं चालू आहे. गावातले वडीलधारे म्हणतात, ठरायचं ते वर ठरलेलं असतं, उगाच एसटीचं भाडं कशाला घालवता. आणि तुम्ही विचारताय, गावाचं म्हणणं खरंच कोणी ऐकतं का, आणि ऐकत असेल तर नेमकं काय करावं, ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे का, सुनावणीवर बहिष्कार टाकावा का.

मी नगररचनेच्या कामात नोकरी केली. हरकती ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसलो, निवृत्तीनंतर आता हरकती देणाऱ्यांच्या बाजूला बसतो. त्यामुळे दोन्हीकडून काय दिसतं ते सांगतो.

वडीलधाऱ्यांचं म्हणणं चूक नाही, पण ते अर्धंच खरं आहे. विकास केंद्र कुठे करायचं, महामार्ग करायचा की नाही, हे मंत्रालयात ठरतं. 2024 मध्ये राज्य सरकारने रस्ते विकास महामंडळाला आधी कोकणातल्या 13 विकास केंद्रांसाठी, म्हणजे 105 गावांसाठी, आणि मग काही महिन्यांतच सोळाशेहून अधिक गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण, म्हणजे त्या भागाचा आराखडा करणारी संस्था, म्हणून नेमलं. अशी नेमणूक करण्याआधी ग्रामसभेला विचारलंच पाहिजे, अशी अट कायद्यात नाही. तिथवर वडीलधारे बरोबर आहेत. पण त्यानंतर शेकडो लहान निर्णय होतात. रहिवास विभागाची हद्द कुठे संपते, कुठला पऱ्या (पावसाळी ओढा) नाला म्हणून दाखवायचा, पुलाचा पोहोचरस्ता कुणाच्या आगरातून उतरणार, पाणी जायची रस्त्याखालची मोरी किती रुंद, शाळेकडे जायची पाखाडी भरावाखाली गाडली जाणार की तिच्यासाठी भुयारी वाट ठेवणार. हे निर्णय कुठलाही मंत्री करत नाही. ते समोरचा नकाशा बघून एखादा सहायक नगररचनाकार किंवा सल्लागार कंपनीतला पंचविशीतला मुलगा करतो. आणि ते बदलता येतात. मी बदललेले पाहिलेत.

अडचण अशी की गावाची सगळी ताकद सुनावणीच्या दिवसावर खर्च होते. तोवर निम्मा खेळ होऊन गेलेला असतो.

पहिलं काम म्हणजे तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी वेगळ्या करा. जमिनीच्या वापराचा आराखडा ही एक फाइल. ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली चालते आणि नियोजन प्राधिकरणाकडे असते. रस्ता ही दुसरी फाइल. तिच्यात आखणी एकीकडे आणि भूसंपादन दुसरीकडे, म्हणजे महामंडळ किंवा राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा आणि प्रांत कार्यालय. पर्यावरणाची जनसुनावणी ही तिसरी. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, आणि तिच्या शेजारीच सागरी किनारा नियमन क्षेत्राचं, म्हणजे सीआरझेडचं प्रकरण वेगळ्या प्राधिकरणाकडे चालतं. गावं काय करतात? या सगळ्याचं मिळून एक खरमरीत पत्र जिल्हाधिकाऱ्यांना देतात. त्याच्यावर आवक क्रमांक पडतो, 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा पडतो आणि ते चार कार्यालयांत फिरत राहतं. ज्याला त्यातल्या दुसऱ्या परिच्छेदावर निर्णय घ्यायचा असतो त्याच्या टेबलावर ते मुदतीत पोचतच नाही. तेव्हा तीन पत्रं, तीन पत्ते, तीन पोचपावत्या.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्याही आताच सांगतो. मुदत किती, हे कुठल्या कलमाखाली नोटीस निघालीय त्यावर ठरतं. प्रादेशिक योजनेच्या प्रारूपावर हरकतींसाठी कायद्यात किमान चार महिने आहेत, तर विकास योजनेच्या प्रारूपावर साधारण महिनाभर. भूसंपादनात 2013 च्या कायद्याखाली 60 दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्ग कायद्यातल्या 3 अ च्या अधिसूचनेनंतर मात्र फक्त 21 दिवस. एमआयडीसीसाठी जमीन घ्यायची असेल तर 32(2) ची नोटीस येते, ती आणखी निराळी. म्हणून कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर 'दोन महिने आहेत, घाबरू नका' म्हटलं तरी ते धरून चालू नका. नोटिशीवर लिहिलेली तारीख हीच खरी. शिवाय तुमचं गाव पालघरमधल्या अनुसूचित क्षेत्रासारखं पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्गात पेसा नाही, त्यामुळे ग्रामसभेच्या ठरावाचं वजन कुठे आणि किती, हेही बदलतं. त्याकडे पुढे येतो.

आता मुख्य मुद्दा. कुठलाही आराखडा काढण्याआधी प्राधिकरणाला सर्वेक्षण करून विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करावा लागतो. कायद्यातच तसं आहे. या नकाशात तुमचा सडा 'पड' म्हणून रंगला की पुढचं सगळं ओघानेच येतं. कारण नियोजनकार जागा शोधताना आधी पड जमीन शोधतो. त्याचा त्यात काही दुष्टपणा नसतो. भातशेती वाचवावी, वस्ती उठवू नये, असं त्याला शिकवलेलं असतं. मग उरतो सडा. सातबारावर तो वरकस किंवा पोटखराबा, म्हणजे हलकी किंवा लागवडीला न येणारी जमीन. उपग्रह चित्रात तो तपकिरी, उघडाबोडका. एक गंमत लक्षात घ्या, ही चित्रं ढग नसलेल्या महिन्यांतली असतात, म्हणजे डिसेंबर ते मे. जुलैमधला सडा त्या चित्रात कधीच दिसत नाही. गुरं कुठे चरतात, पावसाळी तळी कुठे साचतात, गवत कोण कापतं, देवाची वाट कुठून जाते, यातलं काहीच नाही. जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या उताराला झरा होऊन बाहेर पडतं, ज्याच्यावर खालच्या वाडीची नळपाणी योजना चालते, हेही नाही. उक्षी, देवाचे गोठणे, बारसू इथली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण ज्या सर्व्हे नंबरात ती आहेत त्याच्या सातबारावर तसं कुठे लिहिलेलं असतं?

म्हणून माझा सल्ला असा, की हरकतीची भाषा ठरवण्याआधी गावाचा स्वतःचा नकाशा करा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढा, ती मोठी करून घ्या, आणि देवळाच्या सभामंडपात पसरून वाडीवाडीतल्या माणसांना बोलवा. पेन्सिल, चार रंगांचे स्केचपेन, बस्स. ड्रोन वगैरे नंतर, आणि खरं सांगायचं तर नसलं तरी चालतं.

अशा एका बैठकीचं सांगतो. खाडीकाठचंच गाव. पुरुषमंडळींनी तासाभरात घरं, देऊळ, जेटी, स्मशान, क्रिकेटचं मैदान असं सगळं भरून टाकलं. खाडीच्या बाजूला नकाशा कोरा. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक काकी उठल्या, नकाशावर वाकल्या आणि म्हणाल्या, "आमचं शेत पाण्यात हाय, त्ये कुठं दाखवलाव?" ओहोटीला पाणी हटलं की जो चिखल उघडा पडतो, त्यात त्या आणि त्यांच्या वाडीतल्या बायका तिसऱ्या, मुळे अशी शिंपली काढतात, खडपावर कालवं फोडतात. कुठल्या टोकाला काय मिळतं, कुठे पाय रुततो, कुठला भाग गेल्या काही पावसात भरून गेला, सगळं त्यांनी दाखवलं. त्यांच्याकडे बोट नाही, परवाना नाही, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व नाही. त्यामुळे मासेमारीच्या कुठल्याच नोंदीत त्या नाहीत. आणि हा मुद्दा नुसता भावनेचा नाही. सीआरझेडच्या 2011 आणि 2019 च्या दोन्ही अधिसूचनांत जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे सर्वांत कडक वर्गात, म्हणजे सीआरझेड एक-अ मध्ये येतात. तिसऱ्या निघतात तो चिखल सक्रिय आहे हे सिद्ध करायला आणखी काय हवं? शिवाय किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमार वस्त्या, होड्या ओढायच्या जागा, मासे सुकवायचे ओटे दाखवायचेच असतात. ते तुमच्या गावच्या नकाशापत्रावर आहेत का, हे बघा. नसतील तर ती एक सरळ, स्वच्छ, नाकारायला कठीण अशी हरकत आहे.

हीच गोष्ट पऱ्यांची. मोजणीला माणसं येतात मार्चमध्ये. तेव्हा पऱ्या म्हणजे दगडगोट्यांची कोरडी चर. आषाढात तिथून पुरुषभर पाणी जातं हे त्यांना सांगूनही पटत नाही. तुम्हाला दाखवायला लागेल. येत्या पावसात प्रत्येक पऱ्याचे फोटो काढा, शेजारी छत्री किंवा माणूस उभा करून, तारीख येईल असे, आणि ती जागा नकाशावर क्रमांक घालून दाखवा. महामार्गाच्या चौपदरीकरणात कोकणात जो त्रास झाला त्यातला मोठा भाग भराव आणि मोऱ्यांचा आहे. डोंगराकडून येणारं पाणी पूर्वी दहा ठिकाणांहून उतरायचं, भरावानंतर ते तीन मोऱ्यांतून उतरायला लागलं, आणि चौथ्या ठिकाणी कुणाचं तरी भात वाहून गेलं. रस्ता झाल्यावर मोरी वाढवून मागणं म्हणजे वर्षानुवर्षं खेटे घालणं. रेषा आखायच्या वेळी फोटोंसकट मागणी गेली तर अभियंता ती आनंदाने घेतो, कारण उद्या रस्ता खचला तर त्याचीच मान अडकते.

नकाशासाठी वेळ कुठली, हे तुम्हाला सांगायला नको. गणपतीत आणि शिमग्याला अख्खं गाव हजर असतं. मे महिन्यातही बरेच चाकरमानी असतात. लावणीच्या दिवसांत मात्र बैठक ठेवू नका, बायका येणारच नाहीत आणि पाण्याच्या वाटा त्यांनाच ठाऊक असतात.

आता सहाशे सह्यांकडे येतो. टेबलाच्या त्या बाजूचं चित्र असं: हरकतींची एक नोंदवही असते. रकाने साधारण हेच, अनुक्रमांक, नाव, सर्व्हे नंबर, हरकतीचा सारांश, हरकती ऐकणाऱ्या समितीचा अभिप्राय. सहाशे छापील पत्रं आली की कारकून एकाच ओळीत लिहितो, 'अ. क्र. 41 ते 640, एकसारखी हरकत, प्रकल्पास विरोध'. अभिप्रायाच्या रकान्यात येतं, 'धोरणात्मक बाब, समितीच्या कक्षेबाहेर'. दोन ओळींत सहाशे माणसं संपली. समितीने अन्याय केला असंही म्हणता येत नाही, कारण अमुक प्रकल्प नको हे ठरवायचा अधिकार तिच्याकडे नसतोच.

त्याच गठ्ठ्यात एखादं पत्र असं असतं: मौजे अमुक, स. नं. अमुक, हिस्सा अमुक. प्रारूपात ही जमीन रहिवास विभागात दाखवली आहे. प्रत्यक्षात तिच्यातून बारमाही झरा निघतो व त्यावर खालच्या वाडीची पाणीयोजना आहे. सोबत पाणीयोजनेच्या कागदाची प्रत, फोटो, गावनकाशावर खूण. ही जमीन व तिच्या वरच्या बाजूचे स. नं. अमुक ते अमुक शेती विभागात ठेवावेत. या पत्राला एका ओळीत उडवता येत नाही. त्याला 'मान्य', 'अंशतः मान्य' किंवा 'अमान्य' असं काहीतरी लिहावं लागतं आणि अमान्य लिहायचं तर कारण द्यावं लागतं. ते कारण पुढे वरच्या पातळीवर, कधी न्यायालयात, वाचलं जातं. हे माहीत असलेला अधिकारी जपून लिहितो.

म्हणजे सह्या नकोत का? हव्यात, पण त्या जागोजाग वाटून. पाण्याच्या मुद्द्यावर त्या वाडीच्या, पाखाडीच्या मुद्द्यावर शाळेच्या पालकांच्या, खाडीच्या मुद्द्यावर त्या बायकांच्या. सहाशे माणसांची वीस-पंचवीस ठोस पत्रं झाली तर ती नोंदवहीची पानंच्या पानं व्यापतात. प्रकल्पच नको असं म्हणायचं असेल तर तेही एका स्वतंत्र पत्रात जरूर म्हणा. तेही नोंदीवर राहायला हवं. फक्त बाकीच्या मुद्द्यांत ते कालवू नका, कारण एका 'धोरणात्मक बाब' शेऱ्याखाली तुमचा झराही गाडला जातो. आणि प्रत्यक्ष सुनावणीला बोलावतात तेव्हा जा. आपली पाळी दोनतीन मिनिटांची असते. तेवढ्यात इतिहास सांगत बसू नका, नकाशा पुढे करा.

ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे का, असं तुम्ही विचारलंत. पेसा नसलेल्या गावात ठराव म्हणजे नकाराधिकार नाही. प्रकल्पासाठी वनजमीन जात असेल आणि गावाचे वनहक्क असतील तर ग्रामसभेचं स्थान पक्कं होतं, तो मुद्दा वेगळा तपासून घ्या. बाकी ठिकाणी ठराव हा पुरावा आहे, आणि पुरावा म्हणून तो नीट असायला हवा. गणपूर्ती झाली होती का (15 टक्के मतदार किंवा 100, यातलं जे कमी), नोटीस, दवंडी झाली होती का, सूचक, अनुमोदक कोण, उपस्थितीवर सह्या आहेत का. सरपंचाच्या ओटीवर बसून लिहिलेला ठराव समोरचा वकील दहा मिनिटांत फाडतो. ठरावात नुसतं 'तीव्र विरोध' लिहू नका, गावाला काय हवंय तेही लिहा आणि सर्व्हे नंबरांची यादी जोडा. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने लोक जैवविविधता नोंदवही केली असेल तर तीही जोडा. बहुतेक ठिकाणी ती कपाटात पडून असते, पण ती सरकारी कायद्याखाली झालेली नोंद आहे.

ठरावांचं मोल कधी कधी फार उशिरा कळतं. पश्चिम घाटाच्या गाडगीळ समितीचं काम चालू असताना सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या 25 ग्रामसभांनी आमची गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा असे ठराव केले होते. समितीच्या 2011 च्या अहवालात त्यांची नोंद आहे. त्यानंतर वर्षानुवर्षं काही झालं नाही. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने या पट्ट्यातल्या 25 गावांबाबत अधिसूचना काढा असा आदेश दिला. एवढा काळ थांबायची तयारी सगळ्यांची नसते, हेही मला मान्य आहे.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. तुमच्या प्रश्नात 'गावाचं म्हणणं' असा शब्द आहे. गावाचं एक म्हणणं नसतं. ज्यांनी सडा आधीच दलालांना विकलाय त्यांचं वेगळं, आंब्याच्या कलमांवर जगणाऱ्यांचं वेगळं, होडीवाल्यांचं वेगळं. रेवस–रेड्डी सागरी महामार्ग हवाय असं मनापासून म्हणणारेही खूप आहेत आणि त्यांचं कारण खोटं नाही. दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडला, जयगड–तवसाळ इथे आजही फेरीबोटीवर भिस्त आहे. रात्री रुग्ण न्यायचा तर खाडीला वळसा घालून जावं लागतं. त्यांच्यासमोर जाऊन तुम्ही 'रस्ता नको' म्हणालात तर गाव फुटेल. 'पूल हवा, पण पोहोचरस्ता झऱ्याच्या वरून नको' असं म्हणालात तर बहुतेक जण बरोबर येतील. उलट अनुभवही आहे. चिपळूणला 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर पूररेषांचा विषय तापला. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदीच आणि शहराचा मोठा भाग रेषांच्या आत, त्यामुळे रेषांना विरोध करणारे त्याच पुरात घर बुडालेले लोक होते. लोकसहभाग म्हणजे आपोआप निसर्गाच्या बाजूचा आवाज, असं जे शहरातले कार्यकर्ते धरून चालतात, त्यांना मी हे उदाहरण देतो. लोक आपलं घर आणि आपला व्यवहार सांभाळून बोलतात. त्यात वाईट काही नाही, पण ते गृहीत धरून बसायला हवं.

मुंबई मंडळाबद्दल. कोकणातल्या सामायिक सातबाऱ्यावर वीस-तीस नावं असतात, त्यातली निम्मी परळला, विरारला, डोंबिवलीला. काही नावं वारली, वारस चढले नाहीत. भूसंपादनाची नोटीस गावच्या पत्त्यावर येते आणि बंद दाराला चिकटवली जाते. 21 दिवस संपतात तेव्हा मुंबईतल्याला खबरही नसते. मंडळाने छापील हरकतीवर जेवढी मेहनत घेतलीय तेवढी वारसनोंदी लावण्यावर घेतली तर गावाचं जास्त भलं होईल. ज्याचं नाव उताऱ्यावर आहे त्याची हरकत 'हितसंबंधित' म्हणून घ्यावीच लागते. ज्याचं नाही त्याला दारातूनच परत पाठवता येतं.

राहिला जनसुनावणीचा आणि बहिष्काराचा प्रश्न. इथे मी ठाम आहे: बहिष्कार टाकू नका. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत सुनावणीला गणपूर्तीची अटच नाही. मांडवात दहा माणसं असली तरी सुनावणी झाली असं धरलं जातं, आणि ती दहा माणसं कोण असतील याचा अंदाज तुम्हाला आहेच. गोंधळ घालून ती उधळली तर आणखी वाईट होऊ शकतं. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने मत मांडता येईल अशी सुनावणी शक्य नाही, असा अहवाल गेला तर सुनावणीशिवायच पुढे जायची मुभा त्याच अधिसूचनेत आहे. म्हणजे हाती असलेलं एक हत्यार आपणच टाकून द्यायचं.

त्यापेक्षा असं करा. सुनावणीची जाहिरात किमान 30 दिवस आधी निघायला हवी. त्या काळात पर्यावरण आघात मूल्यांकनाचा प्रारूप अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, संबंधित ग्रामपंचायत अशा ठिकाणी ठेवलेला असायला हवा, आणि त्याचा सारांश मराठीत. पहिल्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन अहवाल आहे का ते बघा. नसेल तर त्याच दिवशी लेखी द्या, पोच घ्या. ही त्रुटी पुढे हरित न्यायाधिकरणात कामाला येते. अहवाल जाडजूड आणि बहुधा इंग्रजीत असेल. सगळा वाचायला जाऊ नका. गावातल्या एखाद्या शिक्षकाला, कॉलेजच्या पोरांना बसवा आणि तीन प्रकरणं काढा: पाणी कुठून घेणार आणि कुठे सोडणार, परिसरातल्या जमिनीचा वापर काय दाखवलाय, आणि पाहणी कुठल्या महिन्यांत केली. तिसऱ्यात हमखास सापडतं. उन्हाळ्याच्या एका हंगामातल्या पाहणीवर कोकणातल्या पाण्याबद्दल निष्कर्ष काढलेले असतात. मग गावच्या नकाशाशी ताडून बघा.

सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा ज्येष्ठ प्रतिनिधी चालवतो, सगळ्याचं चित्रीकरण होतं, आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. तोवर लोक पांगलेले असतात, एसटी चुकेल म्हणून. थांबा. तुमचा मुद्दा इतिवृत्तात 'पाण्याबाबत चिंता व्यक्त केली' असा बोथट झालेला असेल तर तिथेच उठून दुरुस्ती सांगा. आणि बोलायला मिळो न मिळो, लेखी निवेदन नकाशासकट दिलेलं असू द्या. लेखी म्हणणंही इतिवृत्ताबरोबर वर जातं. कंपनीला अंतिम अहवालात प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर आणि पुढे मिळालेली मंजुरी 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर दिसते. मंजुरीच्या विरोधात हरित न्यायाधिकरणात जायचं तर 30 दिवसांत, सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवसांपर्यंत. पुण्यात खंडपीठ आहे.

तुम्ही म्हणाल, नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प काय हरकती देऊन गेला? नाही. राजापूर तालुक्यातली 14 आणि देवगडमधली 2 गावं 2017 च्या मे महिन्यात अधिसूचित झाली आणि 2019 च्या मार्चमध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, ती अधिसूचना रद्द झाली. ते रस्त्यावरच्या लढ्याचं आणि राजकीय गणिताचं फळ होतं. पण पुढे त्याच तालुक्यात बारसू–सोलगावचा विषय उभा राहिला, हेही आपण पाहिलं. आंदोलनाला माझा विरोध नाही. एवढंच बघा की आंदोलनाने प्रकल्प थांबला किंवा सरकला तरी जमीन वापराच्या नकाशावर तुमचा सडा 'पड' म्हणूनच राहिला, तर पुढच्या प्रकल्पासाठी कोणी जागा शोधायला बसलं की बोट पुन्हा तिथेच पडतं.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगायचं तर या पंधरा दिवसांत तीन गोष्टी करा. नियोजन प्राधिकरणाला माहिती अधिकारात अर्ज टाका (10 रुपये, 30 दिवसांत उत्तर) आणि तुमच्या गावाच्या विद्यमान जमीन वापर नकाशाची सद्यस्थिती व प्रत मागा. तो अजून झाला नसेल तर तुम्ही नशीबवान आहात, गावचा नकाशा करून आपणहून नेऊन द्या. दुसरं, मंडळाला छपाई थांबवायला सांगा आणि त्या पैशांत गावनकाशा, सातबारे काढून घ्या. तिसरं, शेजारच्या गावातल्या जनसुनावणीसाठी त्या काठच्या आणि तुमच्या काठच्या, दोन्हीकडच्या बायकांना एकत्र बसवा. खाडी एकच आहे, आणि तुमचं गाव प्रकल्पाच्या हद्दीत नसलं तरी सुनावणीत लेखी म्हणणं मांडायला कोणी अडवू शकत नाही.

तुमच्याकडे आलेली नोटीस कुठल्या कलमाखाली आहे आणि तिच्यावर तारीख काय, तेवढं इथे लिहा. नोटिशीचा फोटो टाकलात तर उत्तम, फक्त नावं आणि सर्व्हे नंबर झाकून टाका. मग मुदतीचं नेमकं सांगता येईल.